तिरडीचा चौथा खांदा

माझ्या धाकट्या भावाने वडिलांना खांदा दिला नाही, असं आमच्याकडे अजून सांगतात. गेल्या वर्षी एका मयताला गेलो होतो. लाकडं यायला उशीर होता, माणसं झाडाखाली बसली होती आणि बोलता बोलता तोच विषय निघाला. "एवढा ताडमाड वाढला, पन बापाला खांदा द्यायची येळ आली तवा पळाला," असं एक जण म्हणाला. मी त्याचा भाऊ, हे त्याला माहीत नव्हतं. मी ऐकून घेतलं. बाकीचे हसले तेव्हा मी पायातली चप्पल काढून तिची माती झाडत बसलो.

तो पळाला नव्हता. मी त्याला बाजूला केलं होतं. एवढंच सांगायचं आहे, पण ते सांगायला माझं सगळं आयुष्य गेलं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत. भात, नाचणी, वरी, बाकी काही नाही. मी भातसा धरणावर नोकरीला लागलो आणि भातसानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. निवृत्त झाल्यावर शहापुरात दोन खोल्या बांधल्या. धाकटा मात्र गावातच राहिला. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान.

शाळेच्या शेवटच्या वर्षांत तो वाढायला लागला. आईला आधी बरं वाटलं. पोराच्या अंगाला लागतंय, म्हणायची. मग त्याचे हात वाढले, जबडा वाढला, पाय असे झाले की मुरबाडच्या चांभाराने मोटारीच्या टायरची वेगळी चप्पल करून दिली. वर्गात मागच्या मुलांना फळा दिसेना म्हणून मास्तरांनी त्याला भिंतीकडेला खाली बसवलं. खाली बसूनही तो बाकावरच्या मुलांएवढा दिसायचा. किती उंच, असं लोक येता-जाता विचारायचे. आकडा त्याने कधी सांगितला नाही, मीही इथे लिहीत नाही. तो म्हणायचा, "बसलोय तेवढाच बरा हाय. उभा राहिलो तर तुमची मान दुखंल."

घराच्या दाराला त्याचं डोकं रोज आपटायचं. कपाळावर एक गाठ कायमची झाली होती. एका उन्हाळ्यात वडिलांनी कोणाला न सांगता दाराची चौकट काढली, वरची भिंत हातभर फोडली आणि सागाची नवी चौकट बसवली. गावात एवढं उंच दार दुसरं नव्हतं. लोक विचारायचे, काय हत्ती बांधताय काय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो त्या दारातूनही वाकून यायला लागला. वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आता मी छप्पर नाय उचलणार. वाक." दोघेही किती तरी वेळ हसत होते. मी सुट्टीवर आलो होतो, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तो कामाचा होता. पावसाच्या आधी घरोघर कौलं चाळायची असतात, फुटकी काढून नवी बसवायची असतात. तो अंगणात उभा राहून खालच्या ओळी नुसत्या हाताने लावायचा. "शिडी आणू नका, शिडी चालत येतेय," असं बायका म्हणायच्या. भाताचं बी पेरायच्या आधी जमीन भाजतात, त्या राबाला ऐनाच्या झाडाच्या फांद्या लागतात, त्याही तो जमिनीवरून तोडायचा. कामाला सगळे बोलवायचे. लग्नाच्या पंगतीत मात्र त्याला टोकाला बसवायचे, कारण त्याच्या मांडीला दोन पाटांची जागा लागे.

डोकं दुखायचं त्याचं. फडकं बांधून तो अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा. कल्याणच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला आणि सांगितलं की डोक्यात एक ग्रंथी असते, तिथे गाठ आहे, तीच याला वाढवते आहे. पुढे मुंबईत ऑपरेशन झालं. वाढ थांबली, पण तोवर डोळ्यांच्या कडा गेल्या होत्या. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. त्याच्याशी बोलायचं तर समोर येऊन उभं राहावं लागे.

ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी वडील गेले. भात कापून झालं होतं. मी धरणावरून आलो तेव्हा माझ्याबरोबर माझे साहेब आणि क्वार्टरमधले दोघे-तिघे आले होते. साहेब कधी आमच्या गावाकडे आले नव्हते. चपला कुठे काढायच्या, कुठे उभं राहायचं, त्यांना कळेना. मला त्यांचंच ओझं झालं होतं, हे आता कबूल करतो. वडील अंगणात पडलेले आणि मी साहेबांना सावली आहे का ते बघत होतो.

आमच्याकडे थोरला मुलगा विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालतो. मागे वळून बघायचं नसतं. खांदा धाकट्याने द्यायचा. तिरडी उचलली तेव्हा मागच्या उजव्या कोपऱ्याला तो होता, बाकीचे तिघे गावातले. त्यांतला एक आमचा बांधशेजारी, त्याच्या आणि आमच्या शेतात एकच बांध. अंगणात सगळ्यांनी हात लावला होता म्हणून काही कळलं नाही. अंगण सोडून ओहोळाकडे उतरायला लागलो आणि मागून दोरी करकरल्याचा आवाज आला. कोणीतरी "अरे अरे" म्हणालं आणि कोणीतरी हसलं. मयतात हसू येतं माणसाला, त्याचं मला नवल नाही. पण मी वळून बघितलं.

धाकट्याच्या खांद्यावरचा कोपरा बाकीच्यांच्या डोक्याच्याही वर गेला होता. तिरडी पुढच्या डाव्या बाजूला कलली होती. हार घसरून वडिलांच्या तोंडावर आले होते आणि पुढचा माणूस त्यांचं डोकं हाताने धरून चालत होता. साहेब रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मान फिरवली.

मी मागे गेलो. "बाजूला हो," म्हणालो.

"दादा, मी गुडघं मोडून चालतो ना," तो म्हणाला. "असं बघ." आणि त्याने गुडघे वाकवले. खरोखर तिरडी बरीच सरळ झाली. तसा वाकून तो दोन पावलं पुढेही आला. पाय फाकलेले, मान पुढे काढलेली, बैल जोखडाखाली चालतो तसा. कोणीतरी पुन्हा हसलं.

"तमाशा नको. बाजूला हो."

"बाबांना खांदा नको देऊ?"

"नको. हो बाजूला."

मागून येणाऱ्यांतल्या एकाला मी हाताने बोलावलं. त्याने धाकट्याच्या खांद्यावरून बांबू घेतला. बांबू सोडताना धाकट्याने तो हळूच सोडला, म्हणजे झटका बसू नये. मग तो ओहोळाच्या कडेने खाली उतरून दिसेनासा झाला. मी मडकं घेऊन पुढे गेलो.

वाटेत विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात. तिथे मामा, म्हणजे आईचे मोठे भाऊ, पुढे आले. ते बरेच मागे राहिले होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. विचारलं, "धाकटा कुठं?"

"गेला."

"गेला म्हंजे?"

"निघून गेला. मी काय करू, मामा."

हेच ते वाक्य. मी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही, तो निघून गेलाच होता. मामांनी कपाळाला हात लावला. "बापाला खांदा न देता?" ते म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणाले. मी खाली बघितलं. तिरडी उचलणारे तिघेही तिथेच उभे होते, खांदे चोळत. कोणी काही बोललं नाही.

ओहोळाच्या पलीकडे करवंदीची जाळी आहे. चितेभोवती फिरताना मला जाळीच्या वर त्याचं डोकं दिसलं. लपणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. बाकीच्यांची तोंडं चितेकडे होती आणि धूर होता. मी फेरी घेतली की तो दिसे, मग पाठीमागे जाई, मग पुन्हा दिसे. हाक मारावी असं वाटलं. साहेब जवळच उभे होते.

दहाव्याला नदीवर आमच्याकडे खांदेकऱ्यांच्या खांद्याला तेल लावतात. मयताचा भार त्यांच्या अंगावरून उतरावा म्हणून. चौघे ओळीने बसले, मी वाटी घेऊन तेल लावत गेलो. धाकटा डोकं भादरून दूर दगडावर बसला होता. चौथा खांदा परक्याचा होता, हे सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून गोष्ट पक्की झाली.

बायका मयताबरोबर जात नाहीत, त्यामुळे आईला काय झालं ते ठाऊक नव्हतं. तिने मला विचारलं, मी तेच सांगितलं जे मामांना सांगितलं होतं. तिने त्याला विचारलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असेल तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा ती त्याला ताट वाढून स्वयंपाकघरात निघून जात होती. आधी ती त्याच्या समोर बसायची, कारण बाजूला बसलं तर त्याला दिसत नसे.

मी का नाही सांगितलं, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. साहेब, नोकरी, मामांचा स्वभाव. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड होतं आणि मग ते तसंच राहतं. पण एकदा एकाने मला सरळ विचारलं होतं.

त्याचं लग्न ठरत आलं होतं. आसनगावच्या बाजूची मुलगी होती, चांगली उंच, त्यामुळे तिचंही अडलं होतं. तिचे वडील मला भेटायला शहापूरपर्यंत आले, मी धरणावरून तिथे गेलो. एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसलो. साधा माणूस, टोपी मांडीवर ठेवून बोलत होता.

"उंचीचं आमाला काय नाय," ते म्हणाले. "आमच्या पोरीलाबी लोक बांबू म्हनतात. डोळ्याचंबी कळलं, तेबी बघून घेऊ. पन एक ऐकलं ते खरं का सांगा. बापाला खांदा नाय दिला त्यानं?"

मी चहाकडे बघत राहिलो.

"तुमी थोरले. तुमी सांगाल ते खरं मानू आमी."

आता सांगायचं म्हणजे, मीच त्याला ढकललं, हे सांगायचं. बापाच्या तिरडीखालून. परक्या माणसाला, टपरीवर. मी म्हणालो, "तो जरा मनाला येईल तसं वागतो. वाईट नाही."

त्यांनी टोपी उचलून झटकली आणि डोक्यावर ठेवली. "बापाचं असं केलं, तर माझ्या पोरीचं काय करंल," एवढंच म्हणाले. चहा अर्धा राहिला होता. त्यांची बस लागली नव्हती तरी ते उठून स्टँडमध्ये जाऊन उभे राहिले.

धाकट्याला मी कळवलं की जमलं नाही. "उंचीचं असंल," तो म्हणाला. मी म्हणालो, हो. पुन्हा कुठे बोलणं लावलं नाही.

आई गेली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. मडकं घेऊन मीच पुढे. निघताना मी त्याला खांदा दे म्हणालो नाही आणि नको असंही म्हणालो नाही. मागे वळून बघायचं नसतं, या वेळी मी बघितलंही नाही. फक्त ऐकत होतो. दोरी करकरली नाही. पावलांच्या आवाजात एक श्वास वेगळा येत होता, खोल, मध्येच अडकणारा. विसाव्याला तिरडी ठेवली तेव्हा बघितलं. धोतराआड त्याचे गुडघे लटलट कापत होते. सगळी वाट तो गुडघे मोडून चालला होता. विसाव्यानंतरही त्याने खांदा बदलू दिला नाही.

दहाव्याला मी त्याच्या खांद्याला तेल लावलं. त्याला बसवूनही मला हात वर करावा लागला. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "बापाचं पाप फेडतोय." मला ऐकू आलं म्हणजे त्यालाही आलं असणार. कान त्याचे चांगले होते.

त्यानंतर त्याचे गुडघे गेलेच. डॉक्टर म्हणाले की अशा हाडांना स्वतःचाच भार सोसत नाही, कधी तरी हे व्हायचंच होतं. मला ते पटत नाही आणि खोडताही येत नाही. कौलांचं काम सुटलं. टोकावड्याच्या एका ढाब्यावाल्याने त्याला दाराशी खुर्ची देऊन बसवलं. पावसाळ्यात माळशेजला जाणारी पोरं गाड्या थांबवायची आणि मोबाईल काढायची. "अंकल, जरा खडे हो जाओ ना." तो काठी टेकून उभा राहायचा. फोटो झाला की बसायचा, तोवर दुसरी गाडी आलेली असायची. मी एकदा म्हणालो, सोड हे. तो म्हणाला, "इथं कोन गावातलं नाय, दादा. नुसती उंची बघतात. बरं वाटतं."

शेवटची वर्षं तो माझ्याकडे शहापूरला होता. खाटेला बाक जोडून त्याची झोपायची सोय केली. तोवर समोरचंही दिसेनासं झालं होतं. माझ्या बायकोने त्याचं सगळं केलं, मी फक्त सकाळी त्याच्या गुडघ्यांना तेल लावायचो. एका सकाळी गुडघे झाले आणि माझा हात त्याच्या उजव्या खांद्यावर गेला. मी तिथे तेल लावत राहिलो.

"आता कोन मेलं?" तो म्हणाला.

मी हात थांबवला नाही. म्हणालो, "बाबांचं राहिलं होतं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी विचारलं, "माझा राग येतो का रे?"

"राग नाय, दादा. गुडघं दुखतात." मग म्हणाला, "आईला सांगायला पायजे होतंस. बाकी गाव ऱ्हाऊ दे."

आई जाऊन वीस वर्षं होत आली होती. मी वाटी उचलून मोरीवर हात धुवायला गेलो.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. मयत गावी नेलं, टेम्पोचं मागचं फळकं उघडं ठेवून. तिरडीला बाजारचा बांबू पुरेना म्हणून शेजाऱ्याच्या बेटातला तोडला. चौघांना पेलवेना, सहा जण लागले. त्या उंच दारातून त्याला आडवा बाहेर काढला तेव्हा दाराची उंची कोणाच्याच उपयोगाची नव्हती. मडकं माझ्या मुलाने धरलं. मी खांद्याला पुढे झालो तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बाजूला व्हा, कलेल." माझी पाठ वाकली आहे. मी बाजूला झालो आणि मागून चालत गेलो.

दहाव्याला नदीवर सहा पोरं ओळीने बसली. "काका लई जड होते," एक जण खांदा पुढे करत म्हणाला, बाकीचे हसले. सगळ्यांना तेल लावून झालं आणि मी वाटी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. म्हणालो, "मला एक सांगायचंय. वडिलांच्या वेळेला हा निघून गेला नव्हता. मी त्याला तिरडीखालून काढला. तो गुडघे मोडून चालतो म्हणत होता, मी ऐकलं नाही. मामांना मी अर्धंच सांगितलं."

मामा कधीच वारले होते. पोरांना कोणते मामा तेही ठाऊक नव्हतं. मुलगा माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघत होता. कावळा शिवून गेला होता, भटजींचं आवरलं होतं. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना आता. जुनं झालं. चला, पानं मांडलीत."

माणसं चढ चढून गेली. आमचा बांधशेजारी तेवढा दगडावर बसून होता. ऐंशीला टेकलेला, त्याला चढायला वेळ लागतो. वडिलांना खांदा देणाऱ्या तिघांतला तोच एक उरला आहे. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"ठाव होतं आमाला," तो म्हणाला.

"काय?"

"तू काय बोललास ते. आमच्या कानाशीच बोललास ना. खांद्यावर तुझा बाप, हलायची सोय नाय. सगलं ऐकलं आमी."

"मग मामांसमोर बोलला का नाहीस? इतकी वर्षं लोक बोलत होते."

त्याने काठीने वाळूत रेघ ओढली. "तुझा भाऊ. तू बोलशील म्हनून गप होतो. तू नाय बोललास, मंग आमी कोन." मग म्हणाला, "तोबी आला होता एकदा माझ्याकडं. म्हनला, दादाचं कुठं काढू नको. नोकरीवाला मानूस हाय."

वाटीत थोडं तेल उरलं होतं. मी ते त्याच्या खांद्याला लावायला गेलो तर त्याने हात धरला. "माजा भार तवाच उतरलाय," म्हणाला. "चल, उठव मला."

मी त्याला उठवलं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून चालायला लागला. चढ मोठा नाही, पण आम्हाला मध्ये थांबावं लागलं. वर पंगत बसली होती. नदीवर मी जे बोललो ते नदीवरच राहिलं, हे मला गेल्या वर्षी त्या मयताला झाडाखाली बसलो तेव्हा कळलं. म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवावं की तो पळाला नव्हता. तो जाळीपलीकडे चिता विझेपर्यंत उभा होता, आणि मी त्याला बघत होतो.